दोराचं दुसरं टोक

राम क्रांती चौकातल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, आणि त्याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. त्याचे सासरे मुंजाबा मूळचे देवगाव रंगारीचे. मेंढ्या विकून शहरात आले आणि रंगकामाला लागले. उस्मानपुऱ्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला ते फळीवर बसून रंग देत होते. फळीचा दोर गच्चीवरच्या कप्पीतून फिरून परत त्यांच्याच हातात. स्वतःच स्वतःला वर ओढायचं, एका हाताला दोराचा वेढा घ्यायचा आणि दुसऱ्यानं ब्रश चालवायचा. वीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या दुपारी राम डबा घेऊन गेला. सासऱ्यांच्या मनगटावरचे वळ खालूनही दिसत होते. त्याला कसंसंच झालं. खाली लोंबणारं दोराचं टोक त्यानं ताणून फाटकाच्या खांबाला पक्कं बांधलं.

"मामा, सोडा आता हात! निवांत रंगवा."

मुंजाबांनी आजवर दोर कुणाच्या हवाली केला नव्हता. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी हात सोडला. फळी वीतभर खाली आली आणि वर कप्पी करकरली.

त्या आवाजानं रामला फळा आठवला. माणूस स्वतःच दोर धरतो तेव्हा दोन्ही बाजू त्याचं वजन निम्मं-निम्मं पेलतात. टोक खांबाला बांधलं, की दोन्ही बाजूंवर पूर्ण वजन आणि कप्पीच्या हुकावर दुप्पट. ऐंशी किलोचे एकशे साठ. दरवर्षी हे गणित तो पोरांना घालायचा, मूर्खासारखा.

त्यानं गाठीला हात घातला. गाठ सोडावी, तर मामा सरळ खाली येणार. मामांनीच दोर पुन्हा धरला तर ते वाचणार होते.

"मामा, दोर धरा!"

"आवो, राहू द्या की. लई भारी बांधलाय तुम्ही."

हुकाभोवतीचं सिमेंट भुरभुरू लागलं.

"धरा म्हणतो ना!"

"तुमच्या गाठीवर भरवसा नाय व्हय मला?" मुंजाबा हसले.

सासऱ्यांपुढं राम कधी नमला नव्हता. आता तो भर रस्त्यात रडकुंडीला येऊन ओरडला, "माझं चुकलं, मामा! पाया पडतो तुमच्या, दोर धरा!"

मुंजाबांचा चेहरा उतरला. जावयानं पाया पडायची भाषा करावी, आणि तीही चारचौघांत! त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"नका हो, असं बोलू नका..."

सिमेंटच्या ढेकळासकट हूक निघाला.