दोघींना दिसणारा कप्पा

मी हार्ड डिस्क बोलतेय. जरा कान देऊन ऐका, आताशा माझा आवाज खरखरतो. तळहाताएवढी पत्र्याची पेटी आणि आत चकचकीत तबकड्या, एवढंच माझं रूप. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. पण मला मशीनमध्ये बसवायच्या आधीच त्सोन्काने त्या चिठ्ठीवर कॉफी सांडली, म्हणजे तोही विषय संपला.

त्सोन्काचं छपाईचं दुकान याम्बोल शहरातल्या बाजारामागे. लग्नपत्रिकाही ती छापायची, पण खरं काम मृत्यूच्या पत्रकांचं. माणूस गेला की त्याचा फोटो छापलेलं पत्रक घराच्या फाटकावर, बसथांब्यावर, कोपऱ्यावरच्या झाडाला लागतं. चाळीस दिवसांनी दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं, वर्षाने चौथं. माणूस एकदाच जातो, पण त्याचा फोटो चारदा लागतो. ते सगळे फोटो माझ्या पोटात. इथल्या पुरुषांचा बरा फोटो कुणाच्या तरी लग्नातलाच असतो आणि हातात पेला असतोच. त्सोन्का पेला कापायची, टाय ठेवायची.

माझ्यावर तेव्हा मशीन चालवणारी विंडोज ९८ होती. ती दिवसातून तीनदा गोठायची, आणि त्सोन्का मशीनला अशा शिव्या घालायची की गिऱ्हाईक दारातून परत फिरायचं. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात राजधानीत, सोफियाला शिकणारी तिची मुलगी गालेना सुटीला आली आणि म्हणाली, "आई, पुरे झालं. नवी एक्सपी घालू."

"आणि माझा स्कॅनर? तो जुनीवरच चालतो."

"मग दोन्ही ठेवू. मशीन सुरू होताना विचारेल, कुठली हवी."

मशीन दुरुस्त करणारा मिंचो आला. त्याने माझे तीन कप्पे केले. पहिल्यात जुनी, दुसऱ्यात नवी, तिसऱ्यात फोटो. आता प्रश्न आला तिसऱ्या कप्प्यातल्या मांडणीचा. म्हणजे असं बघा, डबे कसे रचले ते ठाऊक असेल तरच स्वयंपाकघरात हळद सापडते. फॅट३२ नावाची मांडणी जुनी आणि नवी दोघींना कळायची. एनटीएफएस नावाची जास्त भक्कम, मध्येच वीज गेली तरी सहसा विस्कटत नाही, पण ती फक्त नवीला कळायची.

"भक्कमच करू," मिंचो म्हणाला. "त्सोन्काताई, तुमच्या गल्लीत वीज किती वेळा जाते?"

"तुझ्या तोंडाला विश्रांती मिळते त्याहून जास्त वेळा."

"झालं तर मग!"

त्याने कप्प्याची मांडणी बदलली. एकदा बदलली की मागे फिरता येत नाही, अशी सूचना पडद्यावर आली होती. मिंचोने ती वाचली नाही, लोक वाचतच नाहीत. नवीमध्ये फोटो उघडून पाहिले, पनीरची बनित्सा खाल्ली आणि गेला. जुनी सुरू करून बघायचं कुणालाच सुचलं नाही. गालेनाही परीक्षेला सोफियाला परतली.

सोमवारी स्तोयना मावशी आली. तिचा नवरा कान्चो, लेथवर काम करणारा माणूस, त्याला जाऊन शनिवारी वर्ष होत होतं. वर्षाचं पत्रक हवं होतं. त्सोन्काने मशीन सुरू केलं आणि सवयीने बाणाची कळ दाबून जुनी उघडली. फोटोंच्या कप्प्याच्या अक्षरावर टिचकी मारली, तर पडद्यावर सूचना आली, खणात सीडी नाही. जुनीला तो कप्पाच दिसेना, म्हणून तिने त्याचं अक्षर सीडीला देऊन टाकलं होतं.

"अगं बाई! हजार माणसं ठेवली होती मी इथे!" त्सोन्का किंचाळली.

"कान्चो गेला कुठे?" मावशी म्हणाली. "एकदा गेला तेवढं पुरे नाही झालं का?"

"घरचा फोटो आणा मावशी, पुन्हा घेते."

"घरचा कुठला? एकच होता. तो मी त्याच्या खिशात ठेवून दिला, शवपेटी बंद व्हायच्या आधी. तू म्हणालीस ना, आता मशीनमध्ये आहे, काळजी नको."

"फाटकावरचं पत्रक?"

"उन्हाने पांढरं पडलंय. टाय तेवढा दिसतो." मावशी स्टुलावर बसली. "फोटोशिवाय लावलं तर लोक म्हणतील, कोण हा कान्चो? आणि खरं सांगू का त्सोन्का, त्याची एक भुवई नेहमी वर असायची. डावी की उजवी, ते मलाच आठवेना झालंय. लाज वाटते गं."

मी आतून ओरडत होते, इथेच आहे, एक ठिपकासुद्धा हललेला नाही! पण डिस्कचं ऐकतो कोण? घरघर वाढली तर त्सोन्काने मशीनला चापट मारली.

मग तिने गालेनाला फोन लावला.

"नवीत जाऊन बघितलंस?" गालेनाने विचारलं.

"मी तिच्यात जात नाही. तिचा तोंडवळाच मला आवडत नाही."

"आई, मशीन पुन्हा सुरू कर आणि कशालाही हात लावू नकोस. तीस सेकंद. आपोआप नवी उघडेल."

"काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

त्सोन्काला याहून अवघड काम कुणी सांगितलं नसेल. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले. मावशी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होती. नवी उघडली, तिसरा कप्पा उघडला, आणि कान्चो आला. पेला कापलेला, टाय सरळ.

"डावी," मावशी म्हणाली. मग पडद्याला बोट लावून पुन्हा म्हणाली, "डावी. डावीच."

त्सोन्का नाक पुसत कागद शोधायला आत गेली. गुरुवारी पत्रक फाटकावर लागलं.

मिंचोला बोलावणं गेलं. त्याने सगळे फोटो दुसऱ्या कप्प्यात हलवले, तिसरा पुसला, फॅट३२ केला आणि फोटो परत आणले.

"पण वीज गेली तर?" तो पुटपुटला.

"दर शुक्रवारी सीडीवर प्रत काढेन. तू दोन्हींतून उघडून दाखव, मग बनित्सा."

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना त्सोन्काने पाकिटातून स्वतःचा फोटो काढला, जुनीवरून स्कॅन केला, माझ्या तिसऱ्या कप्प्यात ठेवला आणि नवीतून उघडून पाहिला. "दिसतेय," ती म्हणाली. "उद्या गालेनाला शोधत बसायला नको."

आज दुकानात दुसरं मशीन आहे. गालेना चालवते, आणि त्सोन्का बाजूला बसून तिच्या चुका काढते. मी जुन्या मशीनसकट फडताळात आहे. माझं एवढंच मागणं, माझ्यासारखीचे कप्पे पाडाल तेव्हा मांडणी किती भक्कम हे जरूर विचारा, पण ती कुणाकुणाला वाचायची आहे हे आधी विचारा.

त्सोन्काचा फोटो अजून माझ्याकडे आहे. तो मागायला कुणी आलेलं नाही. मला घाई नाही.