नंबर दिसला की

मामाची सगळी विद्या एका वाक्यात मावायची: चकतीकडे बघू नकोस, छातीकडे बघ. बर्फावरच्या हॉकीत समोरच्याचे हात फसवतात, मान फसवते, डोळे तर महालबाड. छाती मात्र जिकडे जायचंय तिकडेच जाते. तेवढी धरून त्याला तिरकं तिरकं कडेच्या फळीकडे न्यायचं, वाट बंद करायची, आपल्या स्टिकने त्याची स्टिक उचलायची आणि मगच खांदा लावायचा. "मारामारी नाही रे बाबांनो, अडवणूक आहे ही!" असं ओरडून ओरडून त्याचा घसा कायमचा बसला होता.

आणि एक शब्द होता. समोरच्याने ऐनवेळी पाठ फिरवली, पाठीवरचा आकडा दिसला, की मामा ओरडायचा, "नंबर!" म्हणजे हात मागे, सोड त्याला. पाठीमागून धक्का बसला की माणूस थेट डोक्यानेच फळीवर जातो.

दोन वर्षांपूर्वी क्लबने नवा प्रशिक्षक आणला आणि मामाला स्केट्सना धार लावायच्या खोलीत बसवलं. हो, बसवलंच! वीस वर्षं खेळाडू घडवले त्याचं हे बक्षीस. मशीनच्या घरघरीत त्याला बाहेरचा सराव ऐकूही यायचा नाही. पण संघात सख्खा भाचा होता, त्यावर मामा समाधानी होता.

भाचा बचावाला खेळायचा, म्हणून सगळे त्याला 'भिंत' म्हणत. गेल्या हंगामात या भिंतीने एकाला पाठीमागून धडक दिली. स्पर्धेच्या शिस्त समितीने लेखीच कळवलं: पुन्हा असं झालं तर खेळ कायमचा बंद. तेव्हापासून बहिणीचं फोनवर एकच पालुपद. "दादा, त्याला दुसरं काही येत नाही रे. लक्ष ठेव."

"मी आहे ना," मामा म्हणायचा.

त्या दिवशी सामन्याची शेवटची तीन मिनिटं उरली, तसा मामा मशीन बंद करून मैदानाभोवतीच्या काचेपाशी आला. समोरच्या कोपऱ्यात विरुद्ध संघाचा एक काटकुळा गडी चकती घेऊन शिरला होता. भिंत त्याच्या मागावर. तिरका गेला, वाट बंद केली, स्टिकखाली स्टिक सारली. अस्सं! मामाला वाटलं, आपणच खेळतोय. तेवढ्यात काटकुळ्याने गर्रकन पाठ फिरवली. सतरा. आकडा मामाला लख्ख दिसला.

मामा जीव एकवटून ओरडला, "नंबर!"

भाच्याचे हात मागे आलेच होते. ते पुन्हा पुढे गेले.

फळीचा आवाज सगळ्या मैदानभर घुमला. काटकुळा उठेना. डॉक्टरीणबाई त्याच्याशेजारी बर्फावर गुडघे टेकून विचारत होत्या, "पाय हलवता येतोय का? थोडा तरी?" स्ट्रेचर आलं. पंचांनी भाच्याला बाहेर काढलं.

मामा धावत पंचांकडे गेला. "साहेब, मी ओरडलो होतो. त्याला थांबवायलाच ओरडलो होतो हो!"

"काका, काचेबाहेरून कोण काय ओरडतं ते आम्ही लिहीत नाही," पंच म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

मामा खोलीत येऊन नुसता बसून राहिला. थोड्या वेळाने भाचा आला. हातात स्केट्स, डोळे लाल.

"हात का नाही घेतलेस मागे?" मामाने विचारलं. "नंबर म्हणालो ना मी!"

"नंबर म्हणजे आता 'आपला गडी धर', मामा. नव्या सरांनी बदललाय. दोन वर्षं रोज तेच घोटून घेतात, अंगात भिनलंय." भाच्याने स्केट्स टेबलावर ठेवल्या. "मी सोडला होता रे त्याला. पाठ दिसली तेव्हाच सोडला होता."

"मग दुसऱ्याच्या ओरडण्यावर कशाला गेलास, गाढवा?"

"दुसऱ्याच्या नाही. सर ओरडले असते ना, तरी या वेळी मी गेलो नसतो. आईला शब्द दिला होता." तो मामाकडे बघत राहिला. "पण तुझा आवाज आला."

खिशात मामाचा फोन वाजायला लागला. बहिणीचाच असणार. तो वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.