ताळा जुळेना

मंदाबाईच्या डाव्या मनगटावर सांडशीचा डाग होता. सासूने चुलीत तापवून टेकवलेली सांडशी. धुळ्याचं ते घर सोडून ती अमळनेरजवळ माहेरी आली, तेव्हा भाऊ जीवरामने चार शहाण्यांना सोबत घेऊन तिला परत पोचवलं. ती पुन्हा आली. जीवरामची बहिणीवर माया फार, फक्त ती सासरी नांदत असली पाहिजे.

शेवटी त्याने अट घातली. "यंदा मॅट्रिक पास व्हयनी ते मास्तरीन व्हय. नहीं ते धुयाले तुन्हा घर जाय. मंग रडानं नहीं."

गावातले गिरधर गुरुजी तिला ओसरीवर बीजगणित शिकवू लागले. माणूस देवभोळा, गणितातही तसाच. पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण सुटतंच, कारण मागे उत्तर छापलेलं असतं, अशी त्यांची श्रद्धा. वर्गमुळांची समीकरणं त्यांनी तिच्याकडून घोटून घेतली. दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा, मूळ घालवायचं, क्ष काढायचा आणि तो पहिल्या समीकरणात घालून ताळा करायचा.

"ताळा जुळला नाही तर आपलंच चुकलं समजायचं. काट मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून," ते बजावायचे. मंदाबाईने तशी खूणगाठ बांधली.

अमळनेरच्या केंद्रावर पेपर हातात आला आणि तिला हायसं वाटलं. पहिलंच उदाहरण ओळखीचं: √(क्ष + ५) − √क्ष = ५. तिने वर्ग केला, उरलेल्या मुळाचा पुन्हा वर्ग केला, क्ष निघाला चार. मग ताळा. नवाचं मूळ तीन, चाराचं दोन, तीनातून दोन गेले, राहिला एक. उजवीकडे तर पाच!

तिने काट मारली, पुन्हा मांडलं. पुन्हा चार, पुन्हा एक. मधे वजाऐवजी अधिक असतं तर जुळलं असतं की! छापताना चुकलं असेल का? पर्यवेक्षकांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, आम्हाला काही सांगता येत नाही."

ते सोडून पुढचं घ्यावं, एवढी अक्कल तिला होती. पण जुळलं नाही म्हणजे खोट तुझ्यातच, हे तिने सासरी ऐकलं होतं, माहेरीही ऐकलं होतं. हात पुढे जाईचना. काट, मांडणी, काट. घंटा झाली तेव्हा बाकीचा पेपर कोराच होता.

बाहेर लिंबाखाली गुरुजी थांबले होते. त्यांनी पेपर घेतला, जमिनीवर काडीने आकडे मांडले आणि दोनदा ताळा करून पाहिला.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी," ते म्हणाले. "वर्ग केला की अधिक-उण्याचा फरक पुसला जातो, त्यातून हा खोटा चार आत शिरतो. ताळ्यात तो पकडला जातो. या समीकरणाला उत्तरच नाही. तेवढंच लिहायचं होतं."

"उत्तर नाही, असं लिहिलेलं चालतं?"

"चालतं."

"मग मला सांगितलं का नाही, गुरुजी?"

"मलाच आज कळलं," गुरुजी म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती मात्र रडली नाही, आतून पार विझून गेली.

निकाल लागला. बीजगणितात नापास. जीवराम स्वतः तिला एस.टी.वर घेऊन आला, गाठोडंही त्यानेच उचललं. म्हणाला, "जुनं बठ्ठं इसरी जाय. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. या डाव जमी जाई."

"भाऊ," मंदाबाई म्हणाली, "जमत नहीं, हाई बी एक उत्तर शे. आते माले माहीत शे."

"काय बोली राहिनी तू?" जीवराम वैतागला. "चढ लवकर, मोटर सुटी जाई."

ती चढली. खिडकीशी बसून तिने पदराखाली मनगट झाकून घेतलं, आणि मोटर धुळ्याच्या रस्त्याला लागली.