तुक्याच्या खुंटीवर एक महिना

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावून सांगतो. नाही बसला तर राहू द्या. मला सवय आहे. अठ्ठावीस वर्षं मी खरं बोलतोय आणि अठ्ठावीस वर्षं लोक तोंडावर हात ठेवून हसतायत.

माझं एक टोक चौकोनी आणि दुसरं बगळ्याच्या चोचीसारखं. मला घडवलं तेव्हा भट्टी तीन दिवस विझली नाही आणि लोहाराच्या दोन ऐरणी माझ्याखाली फुटल्या. वसुमती मॅडमनी मला घेतलं तेव्हा त्या स्वतः शिकत होत्या. आता त्या डहाणूच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवतात. भूशास्त्र म्हणजे दगडमातीचं शास्त्र. दगड स्वतःहून बोलत नाही. त्याला बोलतं कोण करतं? मी. कैनाडच्या एका बांधावरचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षं तोंड मिटून बसला होता. मी एकच ठोका दिला, आणि त्याने कबूल केलं की आपण एके काळी तापून लाल झालेला लाव्हारस होतो. दुसरा ठोका दिला असता तर शेजाऱ्याचंही सांगून टाकलं असतं.

आणि या कामाचं मला काय मिळालं? फोटो. दगडाचा फोटो काढायचा असला की मला त्याच्यावर आडवा ठेवतात. तुम्हाला वाटेल, वा, काय मान. तर नाही. दगड केवढा आहे हे कळावं म्हणून ठेवतात. फोटोखाली लिहितात, ‘मापासाठी हातोडा’. अठ्ठावीस वर्षं मी पट्टीचं काम करतोय आणि मॅडमच्या एकाही निबंधात आभाराच्या यादीत माझं नाव नाही. पावसाळ्यात तर मला गाडीच्या डिकीत, ओल्या छत्रीशेजारी, गंज चढेपर्यंत विसरतात.

याच वर्षाचं घ्या. जूनमध्ये नवी मुलं आली. पहिल्याच दिवशी रूपेश नावाच्या मुलाने विचारलं, “मॅडम, या विषयाला नोकरी असते ना?”

मॅडमनी मला त्याच्या हातात दिलं. “आधी हा धरायला शीक.”

त्याने मला मानेजवळ धरून दगडावर असं टेकवलं, जणू दगड झोपलाय आणि त्याला उठवायचं नाहीये. शेजारची निलम म्हणाली, “अरे, दार वाजवतोयस का?” मी एवढा अपमान आयुष्यात सोसला नव्हता. पण थांबा, त्याहून मोठा पुढेच होता.

दिवाळीनंतर आम्ही उधव्याला यायला लागलो. इथली जमीन काही वर्षांपासून मधूनमधून हादरते, हे मी तुम्हाला काय सांगू. तुमच्या शाळेच्या भिंतीही जाणतात. माणसं येतात, भेगांचे फोटो काढतात, जातात. भेग तिथेच राहते. याचा मला फार राग येतो. मॅडमना हादरे नेमके कुठून उठतात ते शोधायचं होतं, म्हणजे कुठल्या पाड्यातली घरं आधी मजबूत करायची ते सांगता आलं असतं. त्यासाठी त्यांनी हादरे टिपणारं एक यंत्र आणलं. मी त्याला डबा म्हणतो. रस्त्यापासून लांब, शांत जागा हवी होती. ती सापडली पाड्यातल्या म्हाताऱ्या तुक्याकाकांच्या पडवीत. दुसरी तशी जागा आसपास नव्हती. डबा तिथून कायमचा हलला असता तर मॅडमचं वर्षभराचं काम फुकट गेलं असतं.

आणि काय काम करतो हो तो डबा? कोपऱ्यात बसून रेघोट्या ओढतो. उन्हात नाही, घामात नाही. आणि सगळे त्याच्याशी हळू बोलतात. “हळू चाल, यंत्र आहे.” माझ्यासाठी आजवर कोणी हळू चाललेलं नाही.

जानेवारीत एका दुपारी चांगलाच हादरा आला आणि तुक्याकाकांच्या घराच्या जोत्याला भेग पडली. मी आणि मॅडम तेव्हा ओढ्यात दगड फोडत होतो. आम्ही परत आलो तर म्हातारा दारातच उभा.

“डबा उचला, बाय. हातोडा पण उचला. तुम्ही तिकडं दगड फोडता नि इकडं धरणी हलते.”

ऐकलंत? मी. हातभर दांड्याचा मी, आणि अख्खा तालुका हलवला.

“काका, हातोड्याने धरणी हलत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“कशावरून सांगता?”

प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाला मॅडम कधी हसत नाहीत. मग म्हणाल्या, “हातोडा तुमच्याकडे ठेवा. महिनाभर. मीही दुसऱ्या कशाने दगड फोडणार नाही. तरी धरणी हलली तर डबा इथेच राहील. नाही हलली तर मी दोन्ही घेऊन जाईन.”

“मॅडम, आणि खरंच नाही हलली तर?” निलमने हळूच विचारलं.

“तर पाड्याला झोप मिळेल. त्यात वाईट काय?”

अशा रीतीने मित्रांनो, काही गुन्हा नसताना मी कैदेत गेलो. तुक्याकाकांनी मला खुंटीवर टांगलं. एकीकडे कोयता, दुसरीकडे मासे धरायचं जाळं. तीस दिवस मी एका दगडाला शिवलो नाही. खड्याला नाही, वाळूच्या कणाला नाही. एखाद्या ऋषीसारखा टांगून होतो. माझ्या तपाने शेजारचा कोयता सुधारला. आणि त्या तीस दिवसांत जमीन एकोणीस वेळा हलली.

मधे त्या डब्याने एक आगाऊपणा केला. रोज सकाळी नऊच्या सुमारास तो बारीक बारीक रेघा दाखवायला लागला. मॅडम बुचकळ्यात पडल्या.

“काकांची सून भात कांडत असेल,” रूपेश म्हणाला.

“आता कोण कांडतंय? गिरणी आहे,” निलम म्हणाली.

“मग शेळी असेल. खुंट्याला ओढत असेल.”

मॅडमनी वहीत लिहिलं, ‘शेळी?’. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही.

महिना संपला. तुक्याकाकांनी मला फडक्याने पुसून मॅडमच्या हातात दिलं. “घ्या. याचा गुन्हा नाय.” चोच जरा बोथट झाली होती, पण ते वयामुळे. डबा पडवीत राहिला.

आज विज्ञान दिन आहे म्हणून मॅडमनी आम्हा दोघांना एका दिवसापुरतं तुमच्या शाळेत आणलंय. डब्याभोवती बघा केवढी गर्दी. उड्या मारताय आणि रेघ उठली की टाळ्या पिटताय. आणि मी टेबलाच्या कडेला, वाऱ्याने तक्ते उडू नयेत म्हणून. माझं एवढंच मागणं आहे. हत्यार वापरलंत तर पुसून ठेवा, तेल लावा, ओल्या छत्रीशेजारी टाकू नका. आणि पुरावा असल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नका. माझ्याकडे बघा. तीस दिवस खुंटीवर, निश्चल, एका दगडालाही न शिवता…

“खोटं.”

दारात तुक्याकाकांची सून उभी होती, काळीवहिनी. कडेवर पोर, मागे तुक्याकाका.

“म्हणे खुंटीवर. आमचा म्हातारा रोज सकाळी याच्यानंच जोतं बुजवायला दगड फोडायचा. पाट्या मी वाहिल्यात. वयानं झिजली म्हणे चोच.”

सगळा वर्ग हसला. तुक्याकाका पायातल्या चपलेकडे बघत राहिले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली.

“रोज, काळीताई?”

“लग्नाचे तीन दिवस सोडून. तवा आखं घर पावण्यांकडं गंजाड गावाला गेलेलं. हा खुंटीला.”

मॅडमचं बोट पानावरून खाली खाली गेलं आणि थांबलं. “सगळ्यात मोठा हादरा त्याच तीन दिवसांतला आहे,” त्या म्हणाल्या. मग एक पान मागे गेल्या. “आणि या दिवशी सकाळभर त्या बारीक रेघा, म्हणजे ठोके आहेत. त्या दिवशी जमीन हललीच नाही.” त्यांनी ‘शेळी?’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘तुक्याकाका’.

बरं, तीस नाही, तीन दिवस तरी टांगून होतो ना.

“मग डबा राहू द्या,” तुक्याकाका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हातोडा पण. जोत्याची मागची बाजू राहिलीय.”