अकरावा खुंट

इस्तारीला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी वडशात त्याला सगळे नाकेदारच म्हणत. जंगलात वनरक्षकाला हेच नाव. मार्चमधल्या एका सकाळी तो अंगणात बसून मोटारसायकलची साखळी पुसत होता, तेव्हा फाटकाशी एक तरुण येऊन उभा राहिला.

"जोहार, नाकेदार भाऊ. मी अंकुश. गुट्टाटोल्याचा. इतवारीबाईचा पोरगा."

इस्तारीचा हात साखळीवरच थांबला. हा पोरगा त्यानं शेवटचा पाहिला तेव्हा चार वर्षांचा होता.

अंकुशनं पिशवीतून कागद काढले. टोल्यातल्या, त्या छोट्या वस्तीतल्या, नऊ कुटुंबांचे वनजमिनीचे दावे दुसऱ्यांदा नामंजूर होण्याच्या बेतात होते. जमीन डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा हवा होता. आजूबाजूच्या गावांकडे तो होता. त्या गावांना नाकेदारांनी छळलं होतं, दंडाच्या पावत्या फाडल्या होत्या आणि आता त्याच पावत्या दाखवून त्यांनी जमिनीचे पट्टे मिळवले होते. गुट्टाटोल्याकडे एकही पावती नव्हती.

"तुमी कोंबडा घेत होते, पावती देत नव्हते," अंकुश हसत म्हणाला. "गावात अजून म्हणतेत, इस्तारी नाकेदार देवमाणूस. आता देवमाणसाच्या पायी जमीन चालली आमची."

"मंग मी काय करू?"

"२००३ च्या सुरवातीले तुमी आमी तोडलेल्या झाडाच्या खुंटाईवर हातोड्यानं शिक्के मारले होते. अकरा खुंट. मंग म्हणाले, झाका हे, साहेबाले दिसू देऊ नका. लोकायनं झाकले, मंग भेवानं दहा उपटून जाळून टाकले. एक राह्यला. आईच्या पाण्याच्या ओट्याखाली. उद्या दाव्याच्या तपासणीले मॅडम मोक्यावर येऊन राह्यल्या. शिक्का तुमचा हाये, एवढं सांगा."

"इतक्या सालाचं मले काय आठवते बाप्पा."

अंकुशनं कागद घडी घालून पिशवीत ठेवले. जाता जाता म्हणाला, "आईनं सांगतलं होतं तुमाले बोलवाले. म्हणे, जमीन भेटली तर लोकाईचं थोडं तरी फिटन. झोपडी तिच्याच हातानं जळली ना. नऊ घरचं बी-धान होतं आत." घरातलं जुनं दुखणं सांगावं तसं तो हे सहज बोलला.

पोरगा गेला. साखळी पुसून झाली होती, तरी इस्तारी ती पुसत राहिला.

त्याला सगळं आठवत होतं. मोह गळायला लागला की झाडाखालचा पालापाचोळा जाळायचा, म्हणजे मोकळ्या जमिनीवर फुलं दिसतात. तिकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. २००३ च्या त्या मार्चमध्ये इतवारीनं पहाटे पाला पेटवला होता. दुपारी तिची झोपडी जळाली. नऊ घरांनी पेरणीसाठी राखलेलं धान तिथंच होतं, कारण उंदीर लागू नये अशी धान साठवायची उंच ढोली फक्त तिच्याकडे होती. बियाण्यासाठी पैसे हवेत म्हणून तिचा नवरा कोलू त्याच आठवड्यात खम्ममकडे मिरची तोडायला गेला. तिथंच तापानं मेला. मातीसुद्धा तिकडेच झाली. कोलूचा मोठा भाऊ लालसू तेव्हापासून इतवारीच्या हातचं पाणी पीत नव्हता.

आणि ती आग इस्तारीनं लावली होती. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. नोंदवहीत अतिक्रमणाची एकही नोंद नव्हती आणि वनजमिनीवर तर ही एक झोपडी उभी होती; बाकीची घरं हद्दीबाहेर होती. नोकरी जाणार, एवढंच त्याला दिसत होतं. माणसं मोहाखाली असताना तो मागच्या नाल्यातून चढला आणि छपराच्या वळचणीला काडी लावली. आत धान आहे हे त्याला माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं. तोवर दोष इतवारीवर गेला होता, आणि त्यानं तो जाऊ दिला.

अंकुश येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मोटारसायकलवर निघाला. सत्तर किलोमीटरचा रस्ता, शेवटचा टप्पा मुरमाचा. सांगायचं ते शिक्क्याचं तेवढं सांगायचं आणि परत फिरायचं, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं.

टोल्यात शिरताच एक म्हातारी ओरडली, "कोंबडे लपवा वो, नाकेदार आला!"

"दात पडले आता त्याचे," दुसरी म्हणाली. "रस्सा पाजा फक्त."

हशा पिकला. इतवारी तांब्या घेऊन पुढं आली. केस पांढरे झाले होते, चाल तीच होती. "या भाऊ. उन्हाचे आले." तिनं पाणी दिलं. इस्तारीनं दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. मोहाच्या झाडाखाली पाला तसाच होता; बुंध्याला खराटा टेकवलेला. त्याची नजर तिकडे गेलेली पाहून अंकुश म्हणाला, "आई जाळत नाई. झाडूनच येचते. दुसऱ्याच्या तिप्पट टाइम लागते."

लालसू बाजेवर बसला होता. त्याच्या पायाशी प्लास्टिकची बाटली होती. त्याचं घर दोनशे पावलांवर, तरी पाणी घरून आणलेलं.

दहाच्या सुमारास तपासणीच्या मॅडम आल्या. स्वाती नाव. तरुण होत्या, बोलणं मोजकं. इतवारीनं ओट्यावरची तीन मडकी एकेक करून खाली झाडाच्या सावलीत ठेवली. अंकुशनं लोखंडी सब्बल ओट्यावर मारली. वर्षानुवर्षं सारवलेली माती पापुद्र्यांनी निघाली आणि आत सागाचा खुंट दिसला. मॅडमनी ओल्या फडक्यानं तो पुसला. वर्तुळात सात, खाली शून्य तीन.

"हा शिक्का तुमचा?"

"माझा. सात नंबर बीट माझ्याकडं होती. साल खाली."

"गुन्हा नोंदवला होता?"

"नाई."

"का?"

"कोंबडा खाल्ला, मॅडम."

लोक पुन्हा हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. मग फाईलमधून एका पानाची प्रत काढली. "शिक्क्यावरून झाड तुटलं एवढं दिसतं. इथं कोणी राहत होतं, कसत होतं, हे दिसत नाही. आणि त्याच वर्षीच्या मार्चमधल्या पाहणीत ही नोंद आहे: जागा मोकळी, वस्ती नाही, शेती नाही. खाली सही तुमची. मग लोक म्हणतात ती झोपडी होती की नव्हती?"

"होती," इस्तारी म्हणाला. "आदल्या दिवशीपर्यंत होती. धानाच्या बांध्या पण होत्या, नऊ जणाच्या. ते मी खोटं लिवलं."

"आदल्या दिवशी काय झालं?"

इस्तारीनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी लालसू बोलला. "जळली. हिनं जाळली. मोहाचा पाला पेटवला आन् ध्यान नाई ठेवलं."

टोल्यात हे सगळ्यांना ठाऊकच होतं. इतवारी मडक्यांजवळ उभी होती, तिनं मानही वर केली नाही. मॅडमनी मान डोलावली. "ठीक. अपघाती आग. म्हणजे पाहणीच्या दिवशी झोपडी का नव्हती ते जुळतं." त्यांनी इस्तारीकडे पाहिलं. "असंच ना?"

एका होकाराचं काम होतं. जमीन मिळाली असती. लोकांनी त्याला जेवून जायला सांगितलं असतं.

"नाई," इस्तारी म्हणाला. "मी जाळली."

पेन थांबलं.

"साहेब येणार होते. नोकरी वाचवाची होती. नाल्यातून येऊन मी वळचणीले काडी लावली. या बाईनं नाई."

"हे लिहिलं तर तुमच्यावर प्रकरण येऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "विचार करून सांगा."

"लिवा."

अंकुशच्या हातात अजून सब्बल होती. त्याची बोटं तिच्यावर पांढरी पडली होती. इतवारीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यानं सब्बल खाली टेकवली.

मग ती इस्तारीसमोर आली. "वारं कुठून होतं त्या दिवशी?"

"झोपडीकडून मोहाकडं."

"मंग मोहाची आग झोपडीले कशी लागन?"

"नसती लागली."

"मी हेच सांगत होती," ती म्हणाली. "वारं उल्टं होतं. एकानं आयकलं नाई. सांगून सांगून मलेच वाटाले लागलं का, माह्याच हातून झालं." तिचा आवाज चढला नव्हता. "आता गोंडीत सांगा. लालसूभाऊ मराठीत अर्धं आयकते. आन् म्हाताऱ्यायले पण समजलं पाह्यजे."

इस्तारी गोंडी याच लोकांमध्ये राहून शिकला होता. वाक्य अगदी छोटं होतं, पण त्याला ते दोनदा सुरू करावं लागलं. सांगून झाल्यावर बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. सकाळी कोंबड्यावरून ओरडलेली म्हातारी जमिनीकडे बघत होती.

मॅडमनी जबाब वाचून दाखवला. इस्तारीनं सही केली. "तारीख राहिली," त्या म्हणाल्या. त्यानं तारीख घातली. २००३ मधल्या त्या खोट्या नोंदीखाली त्यानं तारीखसुद्धा किती न चुकता घातली होती, हे त्याला आठवलं.

गाडीकडे जायला तो वळला, तेव्हा लालसू बाजेवरून उठला होता. गुडघ्यांनी अधू झालेला माणूस, उठायला वेळ लागला. पाय लागून कलंडलेली बाटली त्यानं उचलली नाही. सावलीतल्या मडक्यांपाशी जाऊन तो थांबला.

"इतवारी," तो म्हणाला. "पाणी दे."

ती जागची हलली नाही. लालसू तसाच उभा राहिला. मग तिनं वाकून मडक्यावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि त्याच्या हातात दिला. तो प्यायला. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं, ते त्यानं पुसलं नाही.

रिकामा तांब्या घेऊन इतवारी वळली, तेव्हा तिला समोर इस्तारी दिसला. तो उन्हात उभा होता, ओठ कोरडे पडले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तांब्या मडक्यावर पालथा घातला आणि खराटा उचलून मोहाकडे गेली.

इस्तारीनं गाडी सुरू केली. जेवून जा, असं कोणी म्हटलं नाही. मुरमाचा रस्ता संपतो तिथं एक हातपंप होता. तिथं उतरून त्यानं स्वतःच दांडा मारला आणि तो ओंजळीनं पाणी प्यायला.