कुणाच्या घरचं पाणी

"उपास कुणासाठी, ते तोंडानं म्हण. मनात ठेवलेलं गुपचूप बदलता येतं." आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण पहाटे अंगावर पाणी घेताना मावशीला ते अजून आईच्याच आवाजात ऐकू यायचं.

सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. दिवसभर ती शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची आणि सकाळी प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत बसायची. तिथली रीत अशी, की ज्याच्यासाठी उपास, त्याचं नाव बाईनं सगळ्यांसमोर घ्यायचं आणि संध्याकाळी त्याच्याच घरच्या पाण्यानं उपास सोडायचा. सगळ्यांत जुनी म्हणून पहिली पाळी मावशीची.

यंदा निवडणूक लागली आणि प्रार्थनाघर चालवणाऱ्या गुरुजींनी फर्मावलं, की मतदानाच्या आदल्या दिवशी झाडून सगळ्या बायांनी आपल्या उमेदवाराच्या नावानं उपास धरायचा. हा उमेदवार म्हणजे गुरुजींच्या पायाशी बसणारा सिमेंटचा दुकानदार. संध्याकाळी शंभरेक बाया त्याच्या दारात पाण्याला उभ्या आणि समोर कॅमेरे, असा बेत होता. त्याच्याविरुद्ध उभी होती दवाखान्यातली नर्सबाई. तिच्या घरचं पाणी गुरुजींनी वर्ज्य ठरवलं होतं.

ह्याच नर्सबाईनं मावशीच्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात, स्वतःची ड्यूटी संपवून, रोज येऊन त्यांची कूस बदलली होती. बंदी कानावर आली तशी मावशी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडे आता चहासुद्धा घेऊ नका, मावशी. पाप लागेल," नर्सबाई हसत म्हणाली. डोळे मात्र हसत नव्हते.

"त्या दिवशी तुझ्या नावानं उपास धरते. संध्याकाळी पाणी भरून ठेव."

तो दिवस उजाडला. सून दारात आडवी आली. "आई, मनातल्या मनात धरा की. देवाला कळतं मनातलं."

"देवाला कळतं गं. गुरुजींना कळत नाही, त्यांना ऐकवावं लागतं."

"मग ह्यांची नोकरी गेली म्हणून समजा." मुलगा गुरुजींच्याच शाळेची बस चालवायचा.

तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "बस त्यांची आहे. लायसन्स माझं आहे. जा तू, आई."

प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. उमेदवार कडक इस्त्रीत, खुर्चीवर. मावशी उभी राहिली तसे गुरुजी म्हणाले, "माईक जवळ धरा रे, मावशींचा आवाज बारीक आहे."

माईक तिच्या तोंडाशी आला.

"आजचा उपास नर्सबाईसाठी."

बाहेरच्या भोंग्यांवरून ते पार चौकापर्यंत गेलं. गुरुजींनी हसू तसंच ठेवलं. "नाव चुकलं, मावशी. पुन्हा म्हणा."

"चुकलं नाही. पण म्हणते पुन्हा. नर्सबाईसाठी."

"हे धर्माला सोडून आहे."

"गुरुजी, तुमच्या पायावर मी डोकं ठेवते. मत नाही ठेवलेलं. उपास माझा, भूक मला लागणार, नाव मीच ठरवणार."

"उद्यापासून ही पहिली रांग तुमची नाही."

"मागच्या रांगेतूनही देव दिसतो," मावशी म्हणाली आणि पदर सावरून खाली बसली.

पुढची पाळी भाजीवालीची. ती गुडघ्यावर हात टेकत कशीबशी उठली. "माझा उपास माझ्या ह्या गुडघ्यासाठी. पाणी माझ्याच घरचं पिईन, तेवढंच चालणं वाचेल." मागच्या रांगांत हशा पिकला. उमेदवाराला घाम फुटला. त्यानंतर बऱ्याच जणींनी त्याचंच नाव घेतलं, पण कितीतरी जणींनी खाली बघत घेतलं.

दुपारी मुलगा बसच्या किल्ल्या शाळेत परत देऊन घरी आला. सुनेनं त्याला गरम वाढलं.

दिवस कलला तशी मावशीनं शेवटचं काज पुरं केलं आणि सुई रिळात खोचली. घशाला कोरड पडली होती. चौकात उमेदवाराच्या घराकडे बायांची रांग चालली होती, पुढे बँड वाजत होता. दोघी-तिघींनी मावशीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मावशीनं चपला पायात सरकवल्या, रांग पुढे जाऊ दिली आणि रस्ता ओलांडून नर्सबाईच्या घराकडे चालू लागली.