डोमानं थांबवलेलं गाणं

आलापल्लीला बाजाराच्या दिवशी नानाजी कलाराच्या दुकानात दुपार कलल्यापासून गर्दी व्हायची. सागवानाच्या डेपोतले हमाल, जंगलातून लाकूड ओढणारे गाडीवान, ट्रकवाले, ठेकेदारांचे मुन्शी, सगळे त्या कुडाच्या आवारात येऊन टेकायचे. दारू मोहाची, परवान्याची. तशी दारू अहेरीलाही मिळे. पण नानाजीकडे भोंगा होता.

भोंगा म्हणजे चावीचा ग्रामोफोन. चांद्याला एका रेंजरसाहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात नानाजीनं तो उचलला. सोबत सव्वीस तबकड्या. सिनेमाची गाणी, चार लावण्या, दोन भजनं, तीन तेलुगू. वाजवायला त्यानं डोमाला ठेवलं. डोमा पूर्वी दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या खेळमंडळीत, पेटी वाजवायचा. ती दंडार मोडली तसा तो रिकामाच होता, आणि गाण्यातलं त्याला कळतं असं गावात बोललं जाई.

डोमाला अक्षरओळख जेमतेम. तबकड्या तो खुणांनी ओळखायचा. एकीच्या लाल कागदाचा कोपरा फाटलेला, एकीवर चुन्याचं बोट. गिऱ्हाइकांनाही गाण्यांची नावं ठाऊक नसत. "ते रडक्या बाईचं लाव", "ते घोड्याच्या टापाचं लाव", असं सांगत. डोमा मान हलवायचा, चावी भरायचा, सुई बदलायचा आणि अलगद ठेवायचा. आवारात कुडाला लागून त्याचं टेबल होतं. सगळे त्याच्याकडे तोंड करून बसत.

भादव्यात त्याची बायको अन्नपूर्णा तापानं गेली. लेकरूबाळ नव्हतं. तेरवी आटोपून डोमा दुसऱ्याच बाजाराला कामावर आला. नानाजीनं विचारलं, "येशीन का रे आतापासून?" तो म्हणाला, "येतो ना. घरी काय करू?" आणि चावी भरायला लागला. एकदा चहानं जीभ पोळली, ते त्याला दुसऱ्या दिवशी भात खाताना कळलं. भेटायला येणाऱ्या बाया गळा काढायच्या तेव्हा तो त्यांच्या पायांकडे बघत बसायचा. लोक म्हणत, डोमा घट्ट काळजाचा. ते खरं असेल असंही त्याला वाटे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, त्या बाजाराची ही गोष्ट. धान कापून झालं होतं, लाकडाचं काम सुरू झालं होतं, माणसांच्या हाती थोडं काही होतं. आवार भरून गेलं होतं.

गुणवंतराव मुन्शी दुपारीच येऊन पुढच्या बाकावर बसले होते. ते ठेकेदाराचा उजवा हात, त्यामुळे नानाजी त्यांना जपून असे. नानाजीचा नियम होता की जो पुरी शिशी घेईल त्याचं गाणं आधी. मुन्शींनी शिशी घेतली आणि लावणी सांगितली. ती संपली तशी तीच पुन्हा सांगितली.

"दुसरी लावू का जी?" डोमानं विचारलं.

"काऊन? हिच्यात काय खराबी हाये?"

"खराबी नाई जी. तबकडी झिजते."

"झिजली तर नानाजीची झिजीन. तू लाव."

डोमानं लावली. मागून सिरोंच्याकडचे हमाल ओरडायला लागले. त्यांचा म्होरक्या पोचन्ना उठून टेबलाशी आला आणि छातीवर हात मारून म्हणाला, "मा पाट, अन्ना! आमचा गाना!" डोमानं दोन बोटं दाखवली. म्हणजे दोन गाण्यांनंतर. पोचन्नाला ते पटलं. तो तिथंच उकिडवा बसला, कुणी मध्ये घुसू नये म्हणून.

त्याच्यामागे नथ्थू होता. नथ्थू गाडीवान, गावाच्या खालच्या टोकाला राहणारा, सव्वीस-सत्तावीसचा. बैलांवर जीव टाकणारा आणि बाकी कशाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. दारूही बेतानं घ्यायचा. पण त्याला एक गाणं फार आवडे. सिनेमातलं होतं, पाळण्याचं, मध्ये बासरी होती. दर बाजाराला तो ते एकदा ऐकायचा आणि निघून जायचा. आज त्याला दोन तास थांबावं लागलं होतं, आणि थांबता थांबता तो रोजच्यापेक्षा बराच जास्त प्याला होता.

"डोमाभाऊ, माह्यं कवा लावता?"

"पोचन्नाचं झालं का तुह्यं."

"मुन्शीचं चार डाव लावलं. मी का माणूस नाई?"

"लावतो ना बापा. बस."

तेलुगू तबकडी संपली. हमालांनी टाळ्या पिटल्या. मुन्शींनी पुन्हा लावणी सांगितली, पण डोमानं ऐकलं नाही असं दाखवलं आणि नथ्थूची तबकडी काढली. उजेड उतरत आला होता. चावी भरून त्यानं सुई ठेवली. पाळण्याचं गाणं सुरू झालं. नथ्थू टेबलाजवळ सरकून भोंग्याच्या तोंडाशी बसला, डोळे मिटून.

तेवढ्यात कुडापलीकडून बाईचा आवाज आला. "भाऊ! ओ भोंगेवाले भाऊ!"

डोमानं वळून पाहिलं. फटीतून भागीरथा दिसली, नथ्थूची मोठी भावजय. धापा टाकत होती.

"आमचा नथ्थू हाये का आत?"

"हाये ना. काय झालं?"

"त्याले म्हना, घरी ये लवकर. कमळाच्या पोटात दुखून राह्यलं. दिवस भरले नाई आजून तिचे. सुईन म्हनते अंगावरून जास्त जाऊन राह्यलं, अहेरीच्या दवाखान्यात न्या. गाडी तर यानं बाजारात आनली."

डोमा नथ्थूकडे वळला. त्याच्या खांद्याला हात लावून त्यानं एकेक शब्द नीट सांगितला. घरून बोलावणं आहे. तुझ्या बायकोची, कमळाची तब्येत बरी नाही. गाडी घेऊन जा.

नथ्थूनं डोळे उघडले. "जातो," तो म्हणाला. "एवढं गानं होऊ द्या."

डोमा तसाच उभा राहिला.

भादव्यातल्या त्या बाजारालाही कुडापलीकडून असाच आवाज आला होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, डोमा, तुझ्या बाईचं काही खरं दिसत नाही, चल. अन्नपूर्णाला ताप तीन दिवसांचा होता, आणि तापात ती नेहमीच बडबडायची. आवार भरलेलं होतं, दोन जण वाट बघत होते. डोमा म्हाताऱ्याला म्हणाला होता, तुम्ही व्हा पुढं, एवढी दोन लावतो आणि येतो. त्यानं दोन लावली होती. घरी पोचला तेव्हा ती गेली होती, बायांनी तिला खाली घेतलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारा बोलला नाही, आणि कुणी विचारलं नाही.

गाण्यात बासरी सुरू झाली. डोमानं हात पुढं केला आणि सुई उचलली.

एकदम शांत झालं. मग सगळं आवार बोंबललं.

"काऊन बंद केलं?" नथ्थू उभा राहिला.

"घरी जा."

"माह्यं गानं हाये ते! दोन तासांपासून बसून राह्यलो मी!"

"जा, म्हनतो ना. आज नाई वाजनार."

नथ्थूनं टेबलाला धक्का मारला. भोंगा कलंडला. तो पडू नये म्हणून डोमानं हात घातला, तर यंत्राची लोखंडी कड त्याच्या बोटांवर आली. पोचन्नानं नथ्थूला कमरेत धरून मागं ओढलं. नथ्थू शिव्या देत होता आणि रडतही होता, पिणारे रडतात तसा. नानाजी गल्ल्यावरून धावत आला.

"काय लावलं हे? डोमा, चालू कर!"

"नाई करत."

"मी सांगून राह्यलो, चालू कर!"

"हा जाईपर्यंत नाई करत, नानाजी."

मुन्शी बाकावरून म्हणाले, "गड्याचं लई ऐकून घेता बा तुमी." नानाजी लाल झाला. पण डोमानं तबकडी छातीशी धरली होती आणि तो ती सोडत नव्हता. आवाजही चढवत नव्हता. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. कुडापलीकडून भागीरथा हाका मारत होती. गाणं नाही म्हटल्यावर नथ्थूला तिथं बसायचं काही कारण उरलं नाही. "पुन्हा नाई येनार इथी," असं म्हणत तो भेलकांडत बाहेर गेला. भागीरथानं बैल जुंपले आणि कासरा स्वतःच हातात घेतला. गाडीचा खडखडाट लांब गेल्यावर डोमानं तबकडी खाली ठेवली.

"आता लाव मुन्शीची," नानाजी म्हणाला.

डोमानं लावणी लावली.

दुसऱ्या बाजाराला नानाजीनं त्याला भोंग्याजवळ बसू दिलं नाही. शिश्या धुवायला लावलं आणि स्वतः चावी भरली. पाचव्या गाण्याला त्यानं ती इतकी पिळली की आत काहीतरी कटकन वाजलं आणि तबकडी थांबली. लोकांनी हुर्यो केली. डोमानं रात्री घरी नेऊन यंत्र खोललं, स्प्रिंगचं तुटलेलं टोक तापवून वाकवलं आणि पुन्हा बसवलं. पुढच्या बाजाराला नानाजी आपणहून गल्ल्यावर जाऊन बसला. डोमा पुन्हा टेबलाशी बसायला लागला.

कमळा वाचली. पोर नाही वाचलं, मुलगी होती. हे डोमाला हमालांच्या बोलण्यातून कळलं. त्यानं "बरं" म्हटलं. कशाला बरं म्हटलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. नथ्थू दुकानाकडे फिरकला नाही. एकदा रस्त्यात गाडी समोरून आली, तेव्हा त्यानं मान खाली घालून बैलांना हाकललं.

मग एका सकाळी भागीरथा डोमाच्या घरी आली. लुगड्याच्या ओच्यात नवे तांदूळ होते.

"कमळानं देल्ले," ती म्हणाली. "सूप आना."

डोमानं सूप आणलं. तांदूळ ओतून ती उंबऱ्यावर बसली.

"कशी हाये ती?"

"बसून जेवते आता. डाक्टर म्हने, आजून घंटाभर झाला असता तर कामातून गेली होती." तिनं ओचा झटकला. "नथ्थूले लाज वाटते, म्हनून येत नाई. तुमी राग धरू नोका."

"नाई धरला."

"एक विचारू, भाऊ? तुमी काऊन बंद केलं गानं? सगळे म्हनतात, डोमा तर कोनाच्या अध्यातमध्यात नसते."

डोमा सुपातले तांदूळ बोटांनी पसरत राहिला. मग त्यानं सांगितलं. म्हातारा आला तो, दोन जण वाट बघत होते ते, आणि त्यानं दोन गाणी लावली ते. सांगताना त्याचा आवाज दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसा सरळ होता.

भागीरथानं सूप थोडं आपल्याकडे ओढलं.

"दोन गान्याले किती वेळ लागते?"

"सहा-सात मिनिटं. सुई बदलायची धरून."

"तेवढ्यात वाचली असती?"

"नसती वाचली. पन भेटली असती."

"हो," भागीरथा म्हणाली. "भेटली असती."

तिनं खोटं काही सांगितलं नाही. पदर सारखा केला, आणि उठताना म्हणाली, "कमळा म्हने, एका दिवशी जेवाले या. या तुमी. नथ्थू घरी असीन तवाच या."

"येतो," डोमा म्हणाला.

ती गेल्यावर तो उंबऱ्यावर तिच्या जागी बसला आणि तांदूळ निवडायला लागला. खडे फार नव्हते. आता रडू येईल असं त्याला एकदा वाटलं, म्हणून हात थांबवून तो वाट बघत बसला. आलं नाही. मग त्यानं उरलेलं सूप निवडून संपवलं, दोन मुठी तांदूळ शिजायला टाकले आणि चुलीपुढं बसून राहिला.